पाच किलो पांढऱ्या कांड्या आणि चिंचोळीचं पाणी

सहा मे, बुधवार, सकाळी साडेदहा. रक्कम नऊ हजार चारशे रुपये. हजर: मी, माझी मुलगी मुक्ता आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे मालक शिवानंदशेठ. काम: पाच किलो पांढऱ्या कांड्यांचे पैसे परत मागणे.

शेठ म्हणाले, "पैशाचं राहू द्या ओ साहेब, आधी चहा घ्या."

चहा आला. पैसे आजतागायत आलेले नाहीत. पण पुण्याहून सोलापूरला आम्ही खरं तर पैशासाठी गेलोच नव्हतो, ते फक्त दारातून आत शिरायचं निमित्त होतं. कशासाठी गेलो होतो ते सुरुवातीपासून सांगतो.

पुणे, निघण्याआधी

मुक्ता पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. विषय डिझेलमधलं गंधक काढण्याचा. गंधक असलेलं डिझेल जळलं की धूर विषारी होतो. म्हणून रिफायनरीत डिझेल तापवून, मोठ्या दाबाखाली, हायड्रोजनच्या सोबतीने एका उभ्या टाकीतून सोडतात. टाकीत शेवेच्या तुकड्यांसारख्या बारीक कांड्या भरलेल्या असतात आणि कांड्यांवर कोबाल्ट, मॉलिब्डेनम असले धातू बसवलेले असतात. तिथे डिझेलमधलं गंधक सुटून हायड्रोजनला चिकटतं आणि वायू होऊन निघून जातं.

एवढं मला दोन वर्षांपूर्वी कळलं होतं. कळलं नव्हतं ते हे, की मुक्ताचं काम त्या महागड्या धातूंवर नव्हतंच. ते होतं खालच्या पांढऱ्या कांडीवर, म्हणजे धातू ज्या आधारावर बसतात त्यावर. ही कांडी ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची. तिच्यात थोडं बोरॉन घातलं तर तेच धातू, तेवढेच धातू, जास्त काम करतात, असं तिचं म्हणणं. जानेवारीत तिने सोलापूरहून कांड्या आणल्या, बोरॉन घातलं, धातू चढवले आणि शंभरातले चौऱ्याण्णव भाग गंधक काढून दाखवलं. बोरॉन न घातलेल्या कांड्या एक्याऐंशीवर थांबत होत्या. मार्गदर्शक सरांनी संस्थेत पेढे वाटायला लावले. पेढ्यांचे पैसे मुक्ताचे.

मार्चअखेर त्याच कारखान्यातून पुन्हा पाच किलो कांड्या आल्या. तीच कृती, तेच वजनकाटे, तीच मुक्ता. या वेळी आकडा आला ऐंशी. तिने चार वेळा प्रयोग केला. ऐंशी, एकोणऐंशी, ऐंशी, ऐंशी. बोरॉन घातलं काय आणि न घातलं काय, सारखंच.

तेव्हा सर तिला म्हणाले, "पहिले आकडे जरा जास्तच सुंदर होते, नाही का?"

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितो आहे. त्यात आरोप नाही, सही नाही, जबाबदारीही नाही. मी सत्तावीस वर्षं विम्याचे दावे तपासतो. माणसाला खोटारडा म्हणायचं असेल तर तसं लिहून द्यावं लागतं, पुरावा जोडावा लागतो. प्रश्नार्थक चेहरा करून भागत नाही. सरांचं भागलं. त्यांनी फाइलमध्ये शेरा मारला की आकडेवारीची विश्वासार्हता तपासावी, आणि समितीपुढे उत्तर देण्यासाठी जूनच्या मध्यापर्यंत मुदत दिली. उत्तर मिळालं नाही तर पहिले आकडे काढून टाकायचे. ते काढले की प्रबंधात मुखपृष्ठ तेवढं राहणार होतं, आणि तो शेरा तिच्या नावामागे जन्मभर.

लहानपणी ही मुलगी बरणीतलं बिस्कीट खाल्लं की स्वतः येऊन सांगायची, आणि किती खाल्ली तेही. मी चार दिवसांची रजा टाकली.

सात रस्ता, पाच मे

मे महिन्यात सोलापूरला जाणाऱ्याची कीव कोणी करत नाही, त्याला मूर्ख म्हणतात. दुपारी दोन वाजता सात रस्त्याला उतरलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. रिक्षावाल्याने विचारलं, "कुटं जायचंय?" लॉजचं नाव सांगितलं. त्याने ऐंशी रुपये सांगितले. मी साठ म्हटलं. तो म्हणाला, "बसा की." बसलो. लॉज रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होता, हे त्याला बसतानाच माहीत होतं. साठ रुपये दिले. मुक्ता अर्धा तास हसत होती, आणि गेल्या महिन्याभरात ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून ते साठ रुपये मी वाया गेले असं धरत नाही.

प्रवासाला निघताना लोक कॅमेरा घेतात. मी पाणी तपासायचं पेन घेतो. थर्मामीटरएवढी वस्तू आहे, पाण्यात बुडवली की त्यात किती क्षार विरघळले आहेत त्याचा आकडा दाखवते. आमच्या सोसायटीत या पेनामुळे माझ्याशी दोन जण बोलत नाहीत. लॉजच्या नळाचं पाणी पेल्यात घेऊन मी ते मॅनेजरसमोर बुडवलं. अकराशे ऐंशी.

"हे काय पाणी आहे?"

मॅनेजर पेपर खाली न ठेवता म्हणाला, "ते प्यायचं नसतंय ओ. आंघोळीचं हाय."

"आणि आंघोळीला किती बादल्या?"

"एक."

"दुसरी लागली तर?"

"तर काल सांगायला पायजे होतं." मग पेपर खाली ठेवून, जरा समजावणीच्या सुरात, "साहेब, हितं नळाला पाणी येतंय ते चार दिसांनी. कधी पाच. तुमी पुण्याचे, तुमाला वाटतंय पाणी म्हंजे भिंतीतनं येतंय."

मला राग आला. आमच्या सोसायटीत पहाटे पाइप लावून गाड्या धुतात. इथे लॉजच्या मागच्या अंगणात एक बाई डाळ धूत होती. डाळीचं पाणी तिने भांड्यांवर ओतलं आणि भांड्यांचं पाणी शेवग्याच्या बुंध्याला. एक थेंब मोरीत गेला नाही. हे मी कौतुकाने बघितलं. तेच मुक्ताच्या प्रकरणाचं उत्तर माझ्यासमोर चालू आहे हे मला तेव्हा कळलं नाही. दावे तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांचा एवढा भरवसा नसावा.

संध्याकाळी जेवायला गेलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची पातळ भाकरी वाळवून पापडासारखी केलेली. महिनाभर टिकते. पुण्यात ही हल्ली रिबीन बांधून भेट म्हणून विकतात, इथे ती चवड लावून ठेवलेली असते आणि वाढणारा ती पत्ते पिसल्यासारखी वाढतो.

मुक्ताने भाकरीचा तुकडा उजेडात धरला. "बाबा, तुम्हाला आधार समजत नाही ना? हा बघा. ही भाकरी म्हणजे माझी कांडी. चटणी म्हणजे धातू. पोटात जायची ती चटणी, पण ती बसते कुठे? हिच्या खळग्यांत. आता ही भाकरी अगदी कोरडी असली तर चटणीतलं सगळं तेल शोषून घेते. चटणी घट्ट चिकटून बसते आणि चव लागत नाही. साध्या ॲल्युमिनाचं तसंच आहे. तो धातूंना इतका घट्ट धरतो की त्यांना हातपाय हलवता येत नाहीत."

"आणि बोरॉन?"

तिने भाकरीवर दह्याचं बोट फिरवलं आणि मग चटणी टाकली. "बोरॉन म्हणजे हे. पकड सैल होते, वर थोडा आंबटपणा येतो. धातू मोकळे बसतात आणि गंधकावर तुटून पडतात. मात्र दही फार झालं की भाकरीचा लगदा. बोरॉन फार झालं की डिझेलच तुटायला लागतं आणि कांडीवर काजळी धरते."

संस्थेत पालकांसाठी एकदा सरांनी चाळीस स्लाइड दाखवल्या होत्या. त्यांतल्या एकीतूनही मला जे कळलं नव्हतं ते नव्वद रुपयांच्या ताटात कळलं. त्या दिवशी त्यांनी एकदाही भाकरी हा शब्द उच्चारला नव्हता, मुक्ताचं नावही उच्चारलं नव्हतं.

लॉजवर आल्यावर मी तिच्याकडून कागद मागितले. दोन्ही वेळी मालाबरोबर कारखान्याचं सर्टिफिकेट आलं होतं. जानेवारीचं एक, मार्चचं एक. मी ती कॉटवर शेजारी शेजारी ठेवली आणि पाच मिनिटांत घोळ दिसला.

सोडियम, जानेवारीत शून्य दशांश शून्य चार एक टक्के. मार्चमध्येही तेच. छिद्रांचं माप तेच. कांडी किती वजनाला चिरडते तो आकडा शेवटच्या दशांशापर्यंत तोच. सहीच्या वर, झेरॉक्स काढताना काचेवर केस पडल्याची काळी रेघ होती, तीही दोन्हींवर त्याच जागी.

"मुक्ता, हे कोणी बघितलं?"

"सगळ्यांनी. सरांनी, भांडारवाल्यांनी, खरेदीवाल्यांनी. सगळ्यांच्या सह्या आहेत मागे."

होत्या. पाच सह्या होत्या. खरा आकडा थोडा तरी हलतो. मी आजवर एकसारख्या दुरुस्तीची एकसारखी बिलं कितीतरी फेटाळली आहेत. इथे पाच शिकलेल्या माणसांनी न हलणाऱ्या आकड्यांवर विश्वास ठेवला होता आणि ज्या मुलीचे आकडे हलले तिच्यावर संशय घेतला होता.

चिंचोळी, सहा मे

कारखाना पत्र्याच्या शेडचा, पण मालकाची केबिन वातानुकूलित. भिंतीवर 'गुणवत्ता हाच आमचा धर्म' अशी पाटी, आणि खाली टेबलावर सीलबंद पाण्याच्या बाटल्या. शिवानंदशेठ पन्नाशीचे, कपाळाला भस्म, बोलणं गोड. मधेच फोनवर कन्नडात कोणालातरी झापत आणि परत आमच्याकडे वळून मराठीत हसत.

चहाचं मी वर सांगितलं आहे. चहानंतर मी दोन्ही सर्टिफिकेटं त्यांच्यासमोर ठेवली आणि केसाच्या रेघेवर बोट ठेवलं.

ते मुळीच लाजले नाहीत. म्हणाले, "साहेब, मशीन तेच, माणसं तीच, पावडर तीच. मग सर्टिफिकेट येगळं कशाला?"

"मार्चच्या मालाचं सोडियम तपासलं होतं का?"

"जानेवारीत तपासलं की."

"मी मार्चचं विचारतो आहे."

"अहो, जानेवारीत चांगलं निघालं म्हंजे मार्चमदी काय वाईट निघणार? पोरगं पहिलीत पास झालं की दर म्हैन्याला पहिलीची परीक्षा घेता का तुमी?"

मुक्ता शांतपणे म्हणाली, "काका, सोडियम वाढलं तर माझं बोरॉन मरतं. तो आंबटपणा सोडियम मारून टाकतं. मग कांडीत बोरॉन असून नसल्यासारखं. मला एवढंच लिहून द्या की मार्चचा माल तपासलेला नव्हता."

"लिहून देऊ?" शेठचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "ताई, माझी गिऱ्हाइकं हैद्राबादपतूर हाईत. असं लिहून दिलं तर उद्या शेड बंद. त्यापेक्षा असं करू, तुमाला नवीन सर्टिफिकेट देतो की. कोणता आकडा पायजे सांगा, आत्ता टाइप करून देतो."

विम्याच्या धंद्यात मी बनवेगिरी भरपूर पाहिली आहे. पण गिऱ्हाइकाला आकडा निवडायला देणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. साडीचा पदर कोणता हवा असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं. मी म्हटलं, "कारखाना बघू द्या." कबूल झाले. बघण्यासारखं काही नाही याची त्यांना खात्री होती.

खरोखरच बघण्यासारखं फार नव्हतं. एका हौदात रसायनं मिसळून पांढरा गाळ तयार होतो, अगदी चीक असतो तसा. तो कापडातून गाळतात, पाण्याने सहा वेळा धुतात, वाळवतात, मळतात आणि मोठ्या सोऱ्यातून कांड्या पाडून भट्टीत भाजतात. मी एका पोत्यावर टेकलो आणि उठलो तेव्हा काळ्या पॅंटवर मागे पांढरं आसन उमटलं होतं. ते पुण्यापर्यंत माझ्याबरोबर आलं.

धुण्याच्या हौदाशी एक बाई होत्या. साठीला टेकलेल्या, हिरवी सुती साडी, पायात गमबूट. सगळे त्यांना लक्ष्मीअक्का म्हणत. घर तेलुगू, विणकरांचं. आधी तीस वर्षं विड्या वळल्या आणि आता नऊ वर्षं इथे. शेठ फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा मी विचारलं, "अक्का, हे कुठल्या पाण्याने धुता?"

"मशीनचं पाणी." त्यांनी कोपऱ्यातल्या आरओच्या यंत्राकडे हात केला.

मी पेन काढलं. त्या नळाच्या पाण्यात आकडा आला एकवीस. छान. मग माझं लक्ष हौदाशेजारच्या निळ्या टाकीकडे गेलं. पाणी इतकं नितळ की तळाचा मळका मग दिसत होता.

"आणि हे?"

"ते धुतल्यालं. शेवटच्या धुण्याचं पाणी लई साफ असतंय, ते टाकायचं न्हाय. पुढच्या मालाचं पहिलं धुणं त्यात करायचं. घरी कपड्याचं करतो तसंच की."

मुक्ता म्हणाली, "हे बरोबर आहे, बाबा. असंच करतात. पहिल्या धुण्याला चालतं."

मी पेन टाकीत बुडवलं. आकडा पळत गेला आणि दोन हजार सहाशे चाळीसवर थांबला. लॉजच्या ज्या पाण्याला मी नाक मुरडलं होतं त्याच्या दुपटीहून जास्त.

मुक्ताने हळू विचारलं, "अक्का, मार्चमध्ये शेवटचं धुणंपण यातच केलं का?"

अक्कांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मार्चमदी एमआयडीसीचं पाणी एक दिसाआड झालं. ते मशीन एक बादली साफ पाणी देतंय आन् एक बादली गटारात सोडतंय. शेठ म्हणले, मशीन कमी लावा. मलापण बघवंना गं. आमच्या घरी पाचव्या दिशी पाणी येतंय आन् हितं मी उभी राहून बादली बादली गटारात बघू का? मग शेवटची दोन धुणी ह्यातच केली. परत तेच पाणी टाकीत, परत तेच मालाला. साफच दिसत होतं की."

साफच दिसत होतं. दर फेरीला त्यात मागच्या मालाचं सोडियम उतरत होतं आणि दिसत काहीच नव्हतं. डाळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, शेवग्याचं पाणी मला आठवलं.

"अक्का, कुठल्या मालाला कुठलं पाणी वापरलं हे तुम्हाला आठवतं?"

"आठवाय कशाला पायजे?" त्या म्हणाल्या, आणि खांबावर टांगलेल्या कॅलेंडरकडे गेल्या.

आपण दुधाचे खाडे मांडतो तसं त्या चौकोनांत सगळं मांडलेलं होतं. मालाचा नंबर आणि पुढे सहा खुणा. मशीनच्या पाण्याला गोल, टाकीच्या पाण्याला फुली. विड्यांच्या कारखान्यात मोजणीत फसवायचे, तेव्हापासूनची सवय, असं त्या म्हणाल्या. जानेवारीच्या पानावर मुक्ताच्या मालापुढे एक फुली आणि पाच गोल होते. मार्चच्या पानावर एक फुली, तीन गोल, दोन फुल्या. पाच सह्यांच्या सर्टिफिकेटात जे नव्हतं ते इथे खिळ्याला लटकत होतं.

मुक्ताने फोटो काढले. मला फोटो पुरेसा वाटेना. फोटोकॉपीवरच तर हा सगळा खेळ झाला होता. मी म्हटलं, "अक्का, ही दोन पानं द्याल का? पण शेठ तुमच्यावर चिडतील."

"चिडू देत की. मला काढलं तर हे धुणार कोण, ते?" आणि केबिनच्या दिशेने मान उडवून हसल्या. मग हसू थांबलं. मुक्ताला विचारलं, "खरं सांग पोरी. माझ्यामुळं तुझं वाटोळं झालं का?"

मुक्ता म्हणाली, "अजून नाही. जूनमध्ये कळेल."

अक्कांनी दोन्ही पानं पट्टी लावून नीट फाडली. मी कॅलेंडरची किंमत पाहिली, अठ्ठेचाळीस रुपये. बारा पानं. पानाचे चार, दोन पानांचे आठ. मी आठ रुपये पुढे केले.

"आत्ता नको," त्या म्हणाल्या. "पोरीचं काय होतंय ते बगू आधी. वाईट झालं तर कशाचे पैशे घेऊ?"

शेठ परत आले तेव्हा पानं माझ्या बॅगेत होती. पैसे परत द्यायला त्यांनी साफ नकार दिला, माल मात्र बदलून देतो म्हणाले. मुक्ताने अट घातली की सहाही धुणी मशीनच्या पाण्याने, आणि धुऊन निघालेलं पाणी पन्नासच्या खाली येईपर्यंत थांबायचं नाही. शेठनी विचारलं, पन्नास म्हणजे काय. आकडे विकणाऱ्या माणसाला ते मोजायचे कशाने हे माहीत नव्हतं. मी माझं पेन अक्कांच्या हातात दिलं आणि कसं बुडवायचं ते दाखवलं. एकदाच दाखवावं लागलं. आमच्या सोसायटीच्या चेअरमनना मी तीनदा दाखवलं आहे.

पुणे, परतल्यावर

जुन्या मालाचे दोन्ही नमुने मुक्ताने दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. जानेवारीचं सोडियम शून्य दशांश शून्य चार तीन. मार्चचं शून्य दशांश चार एक, म्हणजे जवळपास दहापट.

वीस मेला नवा माल आला. त्याच्या आठवडाभर आधी, एका संध्याकाळी, अक्कांचा फोन आला होता. नमस्कार नाही, काही नाही. "अठ्ठावीस आलं." आणि ठेवला. त्या कांड्यांत मुक्ताने बोरॉन घातलं, धातू चढवले. आकडा आला त्र्याण्णव. पुन्हा केला, चौऱ्याण्णव.

जूनमध्ये समिती बसली. मी बाहेर बाकावर होतो, आतलं मुक्ताने सांगितलं. तिने प्रयोगशाळेचे आकडे मांडले आणि कॅलेंडरची दोन्ही पानं परिशिष्ट म्हणून जोडली. एका सदस्याने पान उलटं केलं. मागे कैरीच्या लोणच्याची कृती होती. तो हसला आणि म्हणाला, "हा काय पुरावा?" मुक्ता म्हणाली, "धुण्याची नोंद. ज्या दिवशी धुतलं त्याच दिवशी केलेली. सर्टिफिकेटावर तशी एकही नाही." मग त्याने केसाची रेघ बघितली आणि हसणं थांबवलं.

शेरा काढण्यात आला. सर उभे राहून म्हणाले की आपण सुरुवातीपासूनच आधार तपासायला सांगत होतो. आता सोडियमवर एक वेगळा शोधनिबंध होणार आहे आणि त्यावर सरांचं नाव पहिलं असेल. मुक्ताने आभारात लक्ष्मीअक्कांचं नाव घातलं होतं. सरांनी ते खोडलं, कामगारांची नावं घालायची पद्धत नाही म्हणून. मुक्ताने परत घातलं. सध्या ते आहे.

बाहेर आल्या आल्या तिने अक्कांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मशीनच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं.

"मंजे झालं ना चांगलं?"

"झालं, अक्का."

"मग तुज्या बाबांना सांग, आता द्या म्हणावं."

मी तिथेच बाकावर बसून फोनवरून पाठवले. आठ रुपये, लक्ष्मीअक्का यांना. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: जानेवारी आणि मार्च.